खिशातली धोब्याची खूण

जुनी पँट पारखायची असेल तर ती सरळ बाजूने बघू नये. सरळ बाजू विकणाऱ्याने धुऊन, कडक इस्त्री करून, गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठीच मांडलेली असते. पँट उलटी करावी. आधी बूड उजेडासमोर धरावं. कापड विरलं असेल तर तिथून उजेड झिरपतो. मग पायाची दुमड जराशी उसवून आतला मूळ रंग बाहेरच्या रंगाशी ताडून बघावा. मग कापड मुठीत आवळून सोडावं. खरी लोकर असेल तर ते चुणी न धरता आपोआप उलगडतं. आणि सगळ्यात शेवटी खिशाची पिशवी बाहेर ओढावी. विकणारे मोठे हुशार असतात. लेबल कापतात, बटणं बदलतात, फाटलं असेल तिथे रफू करतात, पण खिशाच्या पिशवीकडे त्यांचं लक्ष जात नाही. तिथे धोब्याची खूण असते, बिब्ब्याच्या काळ्या रसाने घातलेली दोन टिंबं, एखादी रेघ, एखादी फुली. ती कितीही धुतली तरी जात नाही. खूण दिसली की समजावं, हे कापड नेमाने धोब्याकडे जात होतं. म्हणजे मालक ऐपतीचा होता, आणि म्हणजे कापड चांगलं आहे.

ही विद्या मला कुणी शिकवली नाही, मीच वर्षानुवर्षं बाजारात उकिडवा बसून मिळवली. आणि एका भल्या माणसाची अब्रू मी याच विद्येने त्याच्याच गावात घालवली. तेव्हा विद्येचा अभिमान बाळगावा की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्ही पेणच्या खारेपाटातले. वडील मिठागरात कामाला होते. मिठाच्या पाण्याने त्यांच्या पायांना बारा महिने भेगा असायच्या, आणि अंगावर कमरेच्या फडक्याशिवाय दुसरं काही नसायचं. त्यांची मला लाज वाटायची असं नाही. पण आपण तसं दिसू नये, हे मी फार लवकर ठरवून टाकलं होतं. मॅट्रिक झालो, पेणला कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि पहिल्या पगारापासून मला चांगल्या कपड्याचं वेड लागलं. टेरीकॉटचे दिवस होते. कचेरीतले सगळे तेच चकचकीत, घाम न शोषणारं कापड शिवून घ्यायचे आणि दुपारपर्यंत उकडून निघायचे. मला ते आवडत नसे. मला हवं असायचं ते साहेबलोकांच्या अंगावर दिसणारं, जड पडणारं, हाताला मऊ लागणारं कापड. ते पेणच्या दुकानात मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी कारकुनाच्या पगारात बसलं नसतं.

ते मिळायचं बाजारपेठेतल्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर. बाजाराच्या दिवशी तिथे एक नवराबायको येऊन बसत. बायको मुंबईला बड्या बड्या इमारतींतून फिरायची, स्टीलची भांडी द्यायची आणि बदल्यात जुने कपडे घ्यायची. नवरा ते धुऊन, सांधून, इस्त्री करून विकायला आणायचा. साधा माल ओट्यावर ढिगात पडलेला असे. त्यात मजूर, गाडीवान, कंपनीतले कंत्राटी कामगार हात घालत. चांगला माल मागे दोरीवर. आणि त्याहून चांगला एका पत्र्याच्या ट्रंकेत, तो फक्त माझ्यासारख्यासाठी. मी गेलो की तो माणूस ट्रंक पुढे ओढायचा आणि गप्प बसायचा. तो मालाची तारीफ करत नसे, कारण मी पँट उलटी करतो हे त्याला माहीत होतं. मीही फारशी घासाघीस करत नसे. चांगल्या कापडाची किंमत पाडून मागणं मला पाप वाटायचं. बाकीची पापं तेव्हा मला दिसत नव्हती.

कारण हे सगळं मी चोरून करत होतो. कचेरीत सांगायचो, मुंबईला मावसभावाच्या शिंप्याकडे शिवतो. घरी सांगायचो, कचेरीतल्या साहेबांनी दुकान दाखवलंय. पेणच्या शिंप्याकडे कमी-जास्त करायला दिलं तर बोंब होईल म्हणून पँट पिशवीत घालून एसटीने वडखळला न्यायचो. वडखळच्या शिंप्यालाही मी थापच मारली होती की माझं वजन सारखं उतरतं. तो बिचारा दर वेळी मला तब्येतीची काळजी घ्यायला सांगायचा. कचेरीत मला साहेब म्हणून चिडवायचे आणि मला ते चिडवणं गोड लागायचं. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ना, त्यातली माझी गत होती.

अशात माझं लग्न ठरलं. मुलगी रोह्याकडची. कुंडलिकेच्या अलीकडे अष्टमी, तिथून आत चार-पाच किलोमीटरवर त्यांचं गाव. वडील भात आणि वाल पिकवायचे आणि रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जायचे. घरात ती आणि तिची आई. मुलगी तिच्या वडिलांना आबा म्हणायची, म्हणून पुढे मीही आबाच म्हणू लागलो. माणूस कमी बोलणारा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा आणि ऐकून झालं की मान हलवायचा, म्हणजे ते कबूल आहे की नुसतं ऐकलंय, याचा पत्ता लागत नसे.

देण्याघेण्याची याद करायला बसलो तेव्हा आमच्याकडून माझा मामा बोलत होता. मामा मिठागरावर मुकादम, आवाज मोठा, आणि वरपक्षाचा माणूस म्हणून तो त्या दिवशी आणखी मोठा झालेला. यादीत नवऱ्याला सूट, एवढंच त्याने घातलं होतं. मी त्याच्या कानाला लागून म्हणालो, गरम कापडाचा सांगा. लग्न ऐन मे महिन्यात होतं. मामाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, सूट गरम कापडाचा पाहिजे. पलीकडून आबांनी मान हलवली. ती मागणी मामाची नव्हती, माझी होती. हे मी आज लिहितोय म्हणून, नाहीतर आजवर घरात सगळे मामालाच दोष देत आले आणि मी तो त्याच्या अंगावर राहू दिला.

लग्न त्यांच्या दारात. आम्हाला जानवसा दिला होता गावच्या शाळेत. मुहूर्त दुपारचा होता. सकाळी वाजंत्री वाजवत त्यांची माणसं नवऱ्याचा पोशाख घेऊन शाळेत आली. पुढे आबा, हातात ताट, ताटात नारळ, कुंकवाची वाटी आणि घडी केलेला राखाडी सूट. शाळेच्या त्या एका खोलीत आमची तीस-चाळीस माणसं बसलेली. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर अजून पाढे लिहिलेले. रीत अशी की नवऱ्याने पोशाखाला हात लावायचा, नमस्कार करायचा, आत जाऊन तो चढवायचा आणि मग वऱ्हाडाने मंडपाकडे निघायचं.

मी हात लावला. आणि तिथेच सगळं बिघडलं, कारण ते कापड हाताला लागल्याबरोबर मी लग्न विसरलो. असं कापड मी ट्रंकेतसुद्धा कधी बघितलं नव्हतं. बारीक विणीचं, जड, थंड, आणि बोटांखालून सरकणारं. मी ते मुठीत आवळलं आणि सोडलं. ते उलगडलं. पँट उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली. पुढचं माझ्या हातांनी आपलं आपण केलं. खिशात बोटं घातली आणि पिशवी बाहेर ओढली.

पांढऱ्या पिशवीवर दोन काळी टिंबं आणि त्यांखाली एक आडवी रेघ.

मी चटकन पिशवी आत ढकलली, पण मामा माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता. त्याने पँट माझ्या हातातून घेतली, पिशवी पुन्हा बाहेर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ही धोब्याची खून हाय," तो म्हणाला. "नवा सूट धोब्याकडं कवा गेला व्हता?"

बाहेर वाजंत्रीवाल्यांना काही कळलं नव्हतं, ते वाजवतच होते. मग मामाने तोंड सोडलं. कुणाच्या अंगावरचं उतरवलेलं आणलंय, जित्याचं की मेल्याचं ते तरी सांगा. आमचा पोरगा काय रस्त्यावर पडलाय. मुलगी पण अशीच कुणाची आणली नाय ना. हे शेवटचं वाक्य बोलल्यावर आमच्यातल्याच एका म्हाताऱ्याने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. आबा ताट घेऊन तसेच उभे होते. त्यांनी मामाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि हळूच म्हणाले, "कापड चांगलं हाय. तुमी हात लावून बघा."

त्यांनी पँट माझ्याकडे सरकवली. मी हात मागे घेतला.

त्या क्षणी मी काय घातलं होतं, तर क्रीम रंगाचा शर्ट आणि करड्या रंगाची पँट. वऱ्हाडात मिरवायला मुद्दाम राखून ठेवलेली, पेणच्या ओट्यावरची, ट्रंकेतली. तिच्या खिशातही खूण होती, फुलीची. मी एवढंच म्हणायला हवं होतं की मला चालतं. तेवढंसुद्धा पुरे होतं. नवरदेवाला चालतं म्हटल्यावर मामाचं काय चालणार होतं? पण मला चालतं म्हटलं तर लोक विचारतील, तुला एवढं जुन्याचं काय माहीत, आणि मग तुझ्या अंगावरचं तरी कुठलं. चोराच्या मनात चांदणं. मी मूग गिळून बसलो. उलट तोंड जरा पाडलं, म्हणजे लोकांना मीही दुखावलोय असं वाटावं.

आबा म्हणाले, आणतो नवा. ताट बाकावर ठेवलं, सूट तिथेच राहिला, आणि ते सायकलवर बसून गेले. आधी अष्टमीत दोन दुकानं बघितली, तिथे मिळाला नाही, म्हणून पूल ओलांडून रोह्याला. हे मला मागाहून कळलं. उन्हाचा कहर होता. आम्ही शाळेत पन्हं पीत बसलो.

मुहूर्त जवळ आला तरी ते परतले नाहीत. भटजी घड्याळ दाखवू लागले. मुलीच्या चुलत्याने येऊन हात जोडले. तेव्हा मामाही जरा नरमला आणि म्हणाला, पोशाख मागाहून चढवू, आता आहे त्या कपड्यांत उभा राहू दे, मुहूर्त चुकायला नको. म्हणजे माझं लग्न शेवटी ओट्यावरच्या जुन्या पँटीतच लागलं. जुनी पँट आणून अपमान केला म्हणून मुलीच्या बापाला उन्हात पिटाळलं होतं, आणि त्याच्या मागे मी जुनी पँट घालूनच त्याच्या पोरीला हार घातला. हे त्या मंडपात फक्त मला माहीत होतं, असं मी समजत होतो.

कन्यादान चुलता-चुलतीने केलं. भटजी म्हणाले, वेळ टळून जाईल. तिची आई बाजूला खांबाला धरून उभी होती. आबा आले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, सगळं आटोपून जेवणाच्या पंगती मांडल्या जात होत्या. सायकलच्या कॅरिअरला खोका बांधलेला. शर्ट अंगाला चिकटलेला. त्यांनी खोका सोडला आणि माझ्यासमोर धरला. आत तयार सूट, निळा, टेरीकॉटचा. बाह्या दोन बोटं आखूड. मी तो घालून पंगतीत बसलो आणि घामाने भिजून निघालो. राखाडी सुटाचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही.

लग्नानंतर दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी बायको धुणं घेऊन बसली होती. मी दाढी करत होतो. ती ओल्या हातांनी करडी पँट घेऊन माझ्यापुढे आली आणि तिने खिसा उलटा केला. ती कंपनीकामगाराची मुलगी, धुण्यापूर्वी खिसे उलटे करून झाडायची तिला सवय होती. फुली तिथेच होती.

"लग्नात हीच व्हती ना अंगात?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती बराच वेळ त्या खुणेकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा माहेरी जाते म्हणेल. मी दोन्हीची तयारी केली. ती म्हणाली, "मी आबांना सांगनार नाय. तुमी सांगायचं. तुमच्या तोंडानं." आणि जाऊन पँट धुतली, चांगली आपटून धुतली, आणि वाळत घातली.

त्यानंतर ती या विषयावर एक अक्षर बोलली नाही. टोमणा नाही, फुरंगटणं नाही. त्यापेक्षा रोज भांडली असती तर बरं झालं असतं, मी एकदा चिडून सांगून तरी मोकळा झालो असतो. पण ती माझ्यावर सोपवून मोकळी झाली, आणि मी ते उद्यावर ढकलत राहिलो. पहिल्या दिवाळीला ठरवून गेलो होतो. जेवणं झाल्यावर आबांनी माझ्यापुढे शर्ट ठेवला. दुकानाच्या खोक्यात, वर दुकानाचा छाप, आत टाचण्या जशाच्या तशा, कॉलरखाली पुठ्ठा. त्यांनी तो खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नव्हता. म्हणाले, बघून घ्या. मी खाली मान घालून घेतला. त्या टाचण्या बघितल्यावर सांगायचं ते मी पुढच्या खेपेवर ढकललं.

मग दर दिवाळीला तेच. दर वर्षी बंद खोका, दर वर्षी बघून घ्या. एक वर्ष मी म्हणालो, आबा, खोका कशाला, तुम्ही दिलं म्हणजे चांगलंच असणार. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली आणि पुढच्या वर्षी पुन्हा खोका. ते शर्ट मी घालत असे, आवडत नसले तरी. आणि खोटं कशाला बोलू, मधल्या काळात मी पेणच्या ओट्यावरही जात होतो. वर्षभर गेलो नाही, मग राहवलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखवतं म्हणून खाणं सुटतंच असं नाही. एवढंच झालं की आता पँट उलटी करताना हात अडखळायचा. पुढे ती नवराबायको यायची बंद झाली. ओट्यावर मोबाईलचं दुकान लागलं. तोवर माझे केस पिकले होते आणि आबा कंपनीतून सुटून पुरता शेतकरी झाले होते.

वीस वर्षांच्या वर गेली असतील. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्या माहेरी गेलो होतो. बायका शेजारी कुणाच्या पाचवीला गेल्या होत्या. आबा पडवीत बसून बियाण्याचे वाल निवडत होते आणि मी समोर बसून त्यांना हातभार लावत होतो. दोघांच्या मध्ये एक सूप होतं. किडका वाल एकीकडे, चांगला एकीकडे. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, ते बोटांनीच निवडत होते, दाणा अंगठ्याखाली फिरवून. ते बोटं फिरवणं मी बघत राहिलो आणि मला एकाएकी वाटलं, आज सांगितलं नाही तर हे राहूनच जाईल. नोकरीच्या मुलाखतीलाही मी एवढा घाबरलो नव्हतो.

"आबा," मी म्हणालो, "लग्नाच्या दिवशी मी जी पँट घातली होती ना, ती पण जुनीच होती. पेणच्या ओट्यावरची."

त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले.

मला वाटलं बायकोने सांगितलं. त्यांनी ते ओळखलं असावं. सावकाश, दाणे बाजूला सारत, त्यांनी सांगितलं ते असं. लग्न ठरायच्या आधी ते मुलगा बघायला एकटेच पेणला आले होते, न सांगता, जशी आपल्याकडे रीत आहे. माझ्या कचेरीसमोर चहाच्या टपरीवर बसले. सुटल्यावर मी बाजारपेठेत गेलो, तर तेही मागून आले. मी ओट्यासमोर उकिडवा बसून पँट उलटीपालटी करताना त्यांनी बघितलं. लोकर मुठीत आवळून बघताना बघितलं. घासाघीस न करता घेतली तेही बघितलं. त्यांना ते आवडलं. सरकारी नोकरीतला पोरगा, पण मिजास नाही, कापडातलं कळतंय, आणि गरिबाच्या पोटावर पाय देत नाही. त्यांनी घरी येऊन सांगितलं की पोर द्यायला हरकत नाही. याआधी दोन स्थळं त्यांनी नाकारली होती.

आणि याद झाल्यावर गरम कापडाचा सूट कुठून आणायचा म्हणून विचार करायला त्यांना वेळ लागला नाही. ते सरळ त्याच ओट्यावर गेले. त्या माणसाला सांगितलं, त्या कचेरीतल्या साहेबांचा होणारा सासरा आहे, त्यांना पसंत पडेल असं काढ. त्याने मुंबईहून माल येईल म्हणून थांबायला लावलं. तीन बाजार त्यांनी कंपनीतली शिफ्ट बदलून पेणला खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तो राखाडी सूट मिळाला. अष्टमीच्या शिंप्याकडून माझ्या मापाचा करून घेतला. ताट घेऊन शाळेत येताना त्यांना वाटत होतं, दुसऱ्या कुणाला नाही तरी जावयाला कळेल काय आणलंय ते.

मला कळलं होतंच की. सगळ्यात आधी मलाच कळलं होतं. मी खाली बघत किडक्या वालात चांगला वाल टाकत होतो, ते मला नंतर दिसलं.

मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत, मी विचारलं. एका शब्दात मामाचं तोंड बंद झालं असतं.

"माजी जायाची ती गेली व्हती," ते म्हणाले. "तुमची कशाला घालवू? पोरीला तुमच्याच घरात नांदायचं व्हतं."

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही, काहीतरी तुटक बोललो असेन. त्यांनी मान हलवली. या वेळी ती कबूल केल्याची होती की ऐकल्याची, हे मला तेव्हाही कळलं नाही. थोडा वेळ ते वाल निवडत राहिले. मग हात पुसले आणि माझ्या तोंडाकडे, म्हणजे जिथे त्यांना माझं तोंड असावंसं वाटलं तिकडे, बघून म्हणाले, "येक सांगा मला. घरात इचारलं तर बाया रडाया लागतील, म्हनून कवा इचारलं नाय. कन्यादानाच्या टायमाला पोर कुनाकडं बघत व्हती?"

त्या वेळचं मला सगळं आठवतं. पाटावर मांडी घालून बसल्यावर पँटीचा डावा गुडघा वर आला होता. त्या गुडघ्यावर बारीक रफू होतं. ते कुणाला दिसेल या धास्तीने मी उपरणं पुन्हा पुन्हा त्यावर ओढत होतो आणि मामाची नजर तिकडे जाते का ते बघत होतो. तिचा हात माझ्या हातात होता, त्यावर पाणी सोडलं गेलं, पाणी गार होतं. तिच्या तोंडाकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.

"रस्त्याकडे," मी म्हणालो. "सारखी तुमच्या वाटेकडेच बघत होती."

"बघनारच," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा मोकळा झालेला मी कधी बघितला नव्हता. त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं आणि बायका परत येईपर्यंत आम्ही वाल निवडले.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी ती खरंच कुठे बघत होती हे माझ्या घरातच एका माणसाला माहीत आहे, आणि विचारलं तर ती खरं सांगेल. म्हणून मी विचारलेलं नाही.